पोटुशी बाईने पळावे का? आणि राबावे किती?

घरात सुनेला दिवस राहिले, की तिच्या कानावर दोन्हीकडून सल्ले येऊ लागतात. माहेरची आई सांगते, "बाई गं, आता वाकू नकोस, जिना चढू नकोस, जपून राहा." सासरची म्हातारी म्हणते, "आम्ही नववा भरेपर्यंत पाणी शेंदलं, जात्यावर पायली पायली दळलं. काम केलं की मोकळं होणं सोपं जातं." दोघी मायेनेच बोलतात. दोघींच्याही बोलण्यात थोडे खरे असते आणि थोडे खोटे. त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे आज नीट पाहू, कारण त्यावर तुमच्या घरातले दोन जीव अवलंबून आहेत.

हा प्रश्न आता नव्याने पुढे आला आहे. पूर्वी आपल्याकडे पोरी पळत नसत. लग्न ठरायच्या वयाची मुलगी रस्त्याने पळताना दिसली, तर गाव तोंडात बोट घाली. आता परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या गावी मुली पहाटे उठून पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावे लागते, म्हणून त्या वर्ष-दोन वर्षे पाय कमावतात. त्यातून आपल्या बीड जिल्ह्याला पळण्याची ओढ लागावी असेच घडले आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. शेतकऱ्याचा, कष्टकऱ्याचा पोरगा. त्याचे पाहून पोरे पळतात, पोरीही पळतात. मग त्यातल्या एखादीचे लग्न होते, दिवस राहतात आणि ती हळूच आशाताईंना विचारते, "ताई, मी पळत होते, आता बंद करू का?"

तिला उत्तर द्यायचे तर असे: पोरी, तुझी तब्येत चांगली असेल, रक्त पुरेसे असेल, डॉक्टरांनी तपासून हरकत घेतली नसेल, तर एकदम बंद करायचे कारण नाही. वेग कमी कर, अंतर कमी कर आणि शरीर सांगेल तिथे थांब.

हे ऐकून आजीबाईंच्या भुवया वर जातील. पण डॉक्टर लोकही पूर्वी आजीबाईंसारखेच भीत होते. १९८५ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नियम घातला होता, की गरोदर बाईने व्यायाम करताना नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नयेत आणि दमछाक करणारा व्यायाम एका वेळी १५ मिनिटांपेक्षा जास्त करू नये. पुढे पळणाऱ्या, पोहणाऱ्या, खेळणाऱ्या गरोदर बायकांचा अभ्यास झाला. डॉ. जेम्स क्लॅप यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे अशा बायका तपासल्या. निरोगी आईच्या व्यायामाने बाळाला अपाय होतो असे काही दिसेना. १९९४ मध्ये त्याच संघटनेने ती ठोक्यांची मर्यादा काढून टाकली. आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की ज्या गरोदर बाईला काही धोका नाही, तिने आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास.

२०१४ मध्ये ॲलिशिया मोंटान्यो नावाची अमेरिकन धावपटू ३४ आठवड्यांची गरोदर असताना राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. शर्यत नेमकी ८०० मीटरचीच. आपल्या भरतीच्या पोरी पळतात तेवढीच. ती तिच्या शर्यतीत शेवटची आली, पण अडीच मिनिटांच्या आसपास पूर्ण अंतर पळाली आणि पुढे तिला निरोगी मुलगी झाली. आता हे वाचून कोणी उठून सातव्या-आठव्या महिन्यात पळायला जाऊ नये. ती जन्माची धावपटू होती, तिचे शरीर त्याला सरावलेले होते आणि डॉक्टरांना विचारूनच ती मैदानात उतरली होती. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे, की पोटातले बाळ हे काचेचे भांडे नाही. ते गर्भाशयाच्या जाड पिशवीत, पाण्यात तरंगत असते. आईच्या चालण्याने किंवा हळू पळण्याने ते निखळत नाही.

इथे एक गोष्ट सासूबाईंनी जरूर ध्यानात घ्यावी. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडला, की घरात लगेच पंचनामा सुरू होतो. जिना चढली होती, घागर उचलली होती, फटफटीवर बसली होती. खरे पाहता त्या काळात पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांच्या मूळ घडणीतच, गुणसूत्रांत, दोष असतो. बी मुळातच किडके असले तर कितीही पाणी घातले तरी उगवत नाही, तसे हे. त्यात बाईचा दोष नसतो. आधीच रडवेली झालेली ती पोर. तिच्या डोक्यावर आणखी बोल लावू नका.

आपले जुने वैद्यही याबाबत आंधळे नव्हते. चरकसंहितेत गर्भिणीने काय टाळावे हे सांगताना फार कठोर आणि सवयीचा नसलेला व्यायाम टाळायला सांगितले आहे. सवयीचा नसलेला, या शब्दांकडे लक्ष द्या. आजचे डॉक्टरही तेच म्हणतात. जी आधीपासून पळते तिने बेताने पळावे. जी कधीच पळली नाही तिने दिवस राहिल्यावर पळायला सुरुवात करू नये. तिच्यासाठी चालणे पुरे.

चालावे तरी किती जोरात? त्याला घड्याळ नको, यंत्र नको. चालता चालता शेजारणीशी बोलता आले पाहिजे, पण आरती म्हणायला गेले तर दम लागावा. एवढा वेग बरोबर. बोलताही येईना, धाप लागली, तर वेग जास्त झाला. पळणाऱ्या पोरीलाही हीच कसोटी. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर पोट पुढे येते, तोल बदलतो, कमरेचे आणि ओटीपोटाचे सांधे सैल पडतात, कारण बाळाला वाट द्यायची शरीराची तयारी चालू असते. मग बहुतेकींना पळणे आपोआप नकोसे होते. तेव्हा हट्ट न करता चालण्यावर यावे. जागा सपाट पाहावी. नांगरटीचे ढेकळाचे रान, ओला बांध, निसरडी पायवाट नको. परळीकरांनी तर राखेचे ट्रक धावतात तो रस्ता टाळावाच. विद्युत केंद्राची राख छातीत घेऊन केलेल्या व्यायामाने भले होणार नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर येते, तेव्हा पहाटे उजाडता उजाडता जाऊन यावे. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तिमाहीत, अंग फार तापणे बाळाला चांगले नाही.

वैजनाथाच्या देवळाच्या पायऱ्यांबद्दलही बायका विचारतात. नेहमी चढत असाल तर सावकाश, कठड्याला धरून, मध्ये टेकत चढावे. मात्र श्रावणी सोमवारच्या किंवा शिवरात्रीच्या रेटारेटीत शिरू नये. देव कुठे जात नाही. मंगळवारी जा, गर्दी नसते.

व्यायामाचा फायदा काय, असे घरचे विचारतील. कंबरदुखी कमी राहते, पोट साफ होते, पायांची सूज उतरते, झोप लागते, मन उदास होत नाही. वजन बेताने वाढते. गरोदरपणात येणाऱ्या मधुमेहाची शक्यताही कमी होते. हा मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नाही. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा जास्त निघाली तर पथ्य आणि उपचार लागतात. तपासणी टाळू नका. ज्या घरात पाणी नळाला येते, दळण गिरणीतून येते, वाटण मिक्सरमध्ये होते आणि सून दिवसभर टीव्हीपुढे बसते, तिथे हे चालणे औषधासारखे आहे. "पोटुशी आहे, बसू दे" म्हणून लाड करणाऱ्या सासूने तिला संध्याकाळी सोबत घेऊन गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत चालून यावे. दोघींचेही गुडघे बरे राहतील.

व्यायाम वेगळा, राबणे वेगळे

इथवर वाचून ज्यांच्या घरी सुनेला कामाला जुंपलेले आहे, ते खूश झाले असतील. "बघा, डॉक्टरच म्हणतात हालचाल चांगली!" थोडे थांबा. खरा मुद्दा आता येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा मोठा अभ्यास केला. बायका शेतकरी घरातल्याच, तुमच्या-आमच्यासारख्या. दिवस राहण्यापूर्वी त्यांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते, आणि जन्मलेल्या बाळांचे सरासरी पावणेतीन किलोलाही थोडे कमीच. याच अभ्यासात आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे आठशे बायकांच्या दिवसभराच्या कामाची मोजदाद केली. घरकाम किती, पाणी आणणे किती, धुणे किती, शेतातले काम किती, विसावा किती. हा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे: गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि मधल्या महिन्यांत ज्या बायकांच्या वाट्याला जास्त काम आले, त्यांचे वजन कमी वाढले आणि त्यांची बाळे लहान निघाली. वजनाने कमी, डोक्याचा घेर कमी, दंडाचा घेर कमी.

म्हणजे अमेरिकेतली बाई पळते तरी बाळ चांगले, आणि आपली बाई राबते तर बाळ लहान. हे कसे? उत्तर अवघड नाही. ती बाई पोटभर जेवून, मनात आले तेव्हा, अर्धा-पाऊण तास पळते, दमली की थांबते, घरी येऊन दूध पिते आणि आडवी होते. आपली बाई भल्या पहाटे उठते, सगळ्यांचे करते, सगळे जेवले की उरलेली भाकरी चटणीबरोबर खाते आणि दिवस मावळेपर्यंत तिला थांबायची मुभा नसते. पहिलीचा तो व्यायाम, दुसरीची ती झीज. भात्यात हवा भरायची सोय नसताना नुसता भाता दाबत राहिले तर विस्तव पेटणार कसा? गरोदर बाईला रोज साडेतीनशे उष्मांक जादा लागतात. एक भाकरी, वाटीभर तुरीचे वरण आणि मूठभर शेंगदाणे-गूळ, एवढे ते भरते. त्याच पुण्याच्या अभ्यासात हेही दिसले, की ज्या बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे जास्त वेळा आली, त्यांची बाळे अंगाने भरलेली होती. मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला हे परळीच्या बाजारात काही महाग नाही आणि परसात तर फुकट आहे.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. गाभण म्हैस आपण व्यायच्या आधी दोन महिने आटवतो, तिची धार बंद करतो, खुराक वाढवतो, तिला लांब चरायला धाडत नाही. गोठ्यात जो न्याय आहे तो घरात का नसावा?

म्हणून जी बाई दिवसभर रानात असते, तिला व्यायाम नको, विसावा हवा. दुपारी जेवणानंतर तासभर तिने डाव्या कुशीवर निजावे आणि कोणी तिला उठवू नये. डाव्या कुशीवर अशासाठी, की वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पाठीशेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येत नाही आणि बाळाकडे रक्त चांगले जाते. खुरपणी, वेचणी यांना सरसकट बंदी नाही. पण सलग उकिडवे बसून किंवा सलग वाकून तासन् तास नको, मध्ये उठून पाय मोकळे करावेत. कापूस वेचताना ओटी पोटावर गच्च बांधून ती जड होईपर्यंत वागवू नये, लवकर लवकर रिकामी करावी. पाण्याची भरलेली घागर डोक्यावर आणि कळशी कमरेवर, हे चित्र दिसायला देखणे असेल, पण सातव्या महिन्यात ते काम दिरांनी किंवा नवऱ्याने करावे. त्यात कमीपणा कसला? फवारणीपासून मात्र पोटुशी बाई पूर्ण लांब असावी. औषध कालवणे नाही, पंप भरणे नाही, फवारलेल्या रानात लगेच जाणे नाही आणि फवारणीचे कपडे धुणेही नाही.

पाणी पुष्कळ प्यावे. रानात आडोसा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, लघवी तासन् तास धरून ठेवतात. त्यातून लघवीच्या जागी जंतू वाढतात, ताप येतो आणि त्याने दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. चार तुराट्या आणि जुने लुगडे लावले की आडोसा होतो. हे काम घरच्या पुरुषाचे.

कोयता आणि पोट

परळीत बसून गरोदरपणावर लिहायचे आणि ऊसतोडीबद्दल बोलायचे नाही, हे बरे नव्हे. दसरा-दिवाळी झाली, की इथल्या वाड्या-तांड्यांवरून माणसे सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, थेट बेळगावपर्यंत जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पोटुशी बाई पहाटे अंधारात फडात जाते, ऊस तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. उतरते, पुन्हा चढते. रात्री कोपीत चूल पेटवते. मघाशी सांगितलेली सगळी संकटे इथे एकत्र येतात. ओझे, घसरण्याची भीती, अपुरी झोप, कमी पाणी, शिळे खाणे आणि तपासणी नाही.

बाईच्या शरीराकडे हंगामात बघायला सवड नसते, त्याची परिणती कुठवर जाते हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जात आहेत अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. साधारण सहाजणींत एक. अंगावरून जाणे, पोटात दुखणे, वारंवार जंतुसंसर्ग हे आधी गोळ्यांनी आणि विश्रांतीने बरे होण्यासारखे असते. पण खाडा परवडत नाही म्हणून दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी पिशवीच काढून टाकायची, असा तो हिशेब. तो बाईला फार महागात पडतो. कमी वयात पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात.

मातृत्व लाभाचा कायदा बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर लावू देत नाही आणि बाळंतपण जवळ आल्यावर अवजड, दमवणारे काम मागितले तर देऊ नये म्हणतो. पण मुकादमाच्या वहीत खाडा लिहिला जातो, कायदा लिहिला जात नाही. तेव्हा कायद्याच्या भरवशावर न राहता घरातच काही ठरवावे लागते, आणि ते उचल घेण्याआधी ठरवावे. दसऱ्याच्या सुमारास बाईला दिवस असतील तर बाळंतपण हंगामात येते का, याचा हिशेब बोटांवर करा. येत असेल तर नवऱ्याने अर्ध्या कोयत्याची उचल घ्यावी आणि बाईने आईकडे किंवा सासूकडे गावी राहावे. उचल कमी मिळेल हे खरे. घरात म्हातारे माणूस नसेल, मोठी पोरे सोबत न्यायची असतील, तर हे जमत नाही, हेही खरे. जावेच लागले, तर मुकादमाला पहिल्याच दिवशी, चार माणसांसमक्ष सांगा, की ही मोळी उचलणार नाही आणि फळीवर चढणार नाही. तिने वाढे बांधावे, कोपीवर थांबावे. टोळीतल्या दुसऱ्या बायकांनी यात तिची बाजू घेतली तर मुकादमाला ऐकावे लागते. आज तिची पाळी आहे, पुढच्या हंगामात दुसरीची असेल.

जाताना माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घ्या. ते आशाताईंकडून किंवा नर्सबाईंकडून मिळते. कारखान्याच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते दाखवले, की पुढची तपासणी, इंजेक्शन, गोळ्या तिथे मिळतात. परजिल्ह्यातले म्हणून नाही म्हणता येत नाही.

रक्त, गोळ्या आणि धोक्याची खूण

पळायचे असो की चालायचे, आधी रक्त तपासून घ्या. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या वर हवे. ७ च्या खाली गेले तर व्यायाम तर नाहीच, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात नेले पाहिजे. तीन महिने उलटल्यावर लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते. ती चहाबरोबर घेऊ नये, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळी होते, म्हणून घाबरून बायका गोळ्या उकिरड्यावर टाकतात. काळी होणारच, ते लोह आहे. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या.

ज्यांची वार खाली आहे, ज्यांच्या पिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे, जुळी आहेत आणि डॉक्टरांनी लवकर कळा येण्याची भीती सांगितली आहे, रक्तदाब वाढला आहे, हृदयाचा आजार आहे, त्यांनी या लेखातले व्यायामाचे काही ऐकू नये, डॉक्टरांचेच ऐकावे.

आणि चालताना, पळताना, कामात, केव्हाही अंगावरून रक्त गेले, पाणी गेले, पोट थांबून थांबून दुखू लागले, छातीत दुखले, चक्कर आली, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर हातातले काम तिथेच टाका. संध्याकाळची वाट पाहू नका, अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा, गाडी फुकट येते. परळीला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि गुंतागुंत झाली तर पंचवीसएक किलोमीटरवर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि जाण्या-येण्याची गाडी यांचे पैसे पडत नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. २०१६ पासून ही सोय आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. फॉर्म आशाताई भरून देतात. हे पैसे बाईच्या खात्यावर येतात. ते तिच्या खाण्यासाठीच आहेत, खताच्या दुकानाची उधारी फेडायला नव्हेत.

राहिला आजीबाईंचा प्रश्न, कामाने बाळंतपण सोपे जाते का? हिंडत्या-फिरत्या बाईला कळा सोसायचे बळ असते, सिझेरियनची शक्यता थोडी कमी होते, इतके खरे. पण बाळ आडवे असेल, वाट अरुंद असेल, तर हजार वेळा फरशी पुसून ते सरळ होत नाही. जात्याच्या काळात किती बायका बाळंतपणात गेल्या, त्यांची आठवण त्याच आजीला विचारा, ती नावे घेऊन सांगेल.

बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशीच बाईला हळूहळू चार पावले चालू द्यावे. सव्वा महिना बाजेवरून उठूच द्यायचे नाही, हे चूक. नुसते पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. खोकताना-हसताना लघवी सुटत असेल तर लाजू नये. लघवी रोखताना जो भाग आवळतो, तो आवळून पाच अंक मोजावेत, सोडावा, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे गरोदरपणातही करावे आणि नंतरही. पुन्हा पळायचे असेल तर साधारण तीन महिने थांबावे, सिझेरियन झाले असेल तर आणखी थोडे आणि डॉक्टरांना विचारून. पळण्याने आईचे दूध नासते हा समज खोटा आहे. बाळाला पाजून मग जावे, म्हणजे छाती हलकी राहते.

भरतीची तयारी अर्धी राहिलेल्या पोरींनी तर मन छोटे करू नये. पी. टी. उषाला १९९२ मध्ये मुलगा झाला. १९९८ मध्ये ती आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पदके घेऊन आली. मणिपूरच्या मेरी कोमला २००७ मध्ये जुळे मुलगे झाले आणि २००८ मध्ये ती मुष्टियुद्धात पुन्हा जगज्जेती झाली. दोघींच्याही घरी लेकरू सांभाळणारी माणसे होती. तुमच्या सुनेची पळायची वेळ पहाटे साडेपाचची असेल, तर त्या तासभरात बाळाला मांडीवर कोण घेणार, ते आजच ठरवून टाका.